आर म्हणजे उंची नव्हे

प्रिय बाळ्या,

पाच महिने गप्प होतो, शिव्या घालायच्या तर घाल. तब्येत बरी. बीपीची गोळी मागे लागली, एवढंच.

परवा मनू अकरावीची गणितं घेऊन बसली होती. ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग काढायचा. मी म्हटलं, "आण इकडे, यात काय आहे!" जीएम भागिले आर, त्याचं वर्गमूळ. जी गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, एम पृथ्वीचं वस्तुमान, आर अंतर. आरच्या जागी ठोकले ४०० किलोमीटर. उत्तर सेकंदाला ३१.६ किलोमीटर. खाली दोन रेघा मारल्या, पेनाला टोपण लावलं आणि वही तिच्याकडे सरकवली. थेट आपल्या सरांच्या थाटात.

ती बघत राहिली. म्हणाली, "बाबा, मुक्तिवेगच ११.२ आहे. मग हा फिरेल कसा? हा तर पळून जाईल."

आणि मी ओरडलो रे. सूत्र बरोबर आहे ना, मग उगाच फाटे फोडू नकोस, म्हणून.

रात्री अंथरुणात डोक्यात उजेड पडला. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून! तिची त्रिज्या ६३७१ अधिक ४००. मग येतात ७.६७, आणि एक फेरी साधारण ९२ मिनिटांत. सहामाहीलाही मी हेच केलं होतं, आणि तू विचारलं होतंस, "पृथ्वी कुठे ठेवलीस, खिशात?"

सकाळी वहीत दुरुस्त करून दिलं. ती "हो बाबा" म्हणाली. पण तेव्हापासून एक गणित आणलेलं नाही. मी जवळून गेलो की कोपर वहीवर येतं. चुकलो त्याचं काही नाही, सगळेच चुकतात. पण उत्तर आल्यावर ते खरं असेल का, असं थांबून बघायची अक्कल तिला आपली आपण आली, मला या वयातही नाही. आणि नेमकी तीच मी दटावून बसवली की काय, हे काही डोक्यातून जात नाही. माफी मागायला जातो आणि 'जेवलीस का' विचारून परत येतो.

हो, आणि तो उपग्रहाचा वादही तूच जिंकलास. विरळ हवेच्या घर्षणाने त्याचा वेग वाढतो म्हणालास, तेव्हा आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नव्हतो. काल मांडून पाहिलं. खाली घसरताना गुरुत्वाकर्षण जे देतं त्यातलं निम्मं घर्षण खातं, उरलेल्या निम्म्यावर हा पठ्ठ्या आणखी जोरात पळतो. पण तेव्हा तूही पटवून दिलं नव्हतंस, नुसता हसला होतास. ते मी विसरलेलो नाही.

नव्या घरात सामान लागलं का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? आईंना नमस्कार.

रविवारी मनूला फोन कर. हाच घर्षणाचा प्रश्न घाल तिला. मी शेजारी बसेन, गप्प. जमेल तेवढा.

तुझाच,
पम्या