सूचना : घरी बीपी मोजणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बीपीचं मशीन घेतलं, हे फार चांगलं झालं. पण पर्वती उतरून आल्या आल्या मोजलेला आकडा खरा धरू नका. चालणं, चहा, तंबाखू यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. मोजताना बोलू नका, बोलण्यानेही आकडा वर जातो. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला हवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. आठवड्याची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, ही हात जोडून विनंती.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. पाय बधिर झाला की जखम दुखत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मशीन शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. एकटे राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लावावा.

रविवारी सकाळी ८ वाजता नेहमीच्या कट्ट्यावर आपापलं मशीन आणि वही घेऊन या. पट्टा कसा बांधायचा ते एकमेकांना दाखवू.

– चिटणीस