‘त्याला काय दिसून राहिलं ते पाह्य’ : ताईंना पत्र

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

मे महिन्यातल्या त्या आठवड्याबद्दल तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. तुमचा प्रोजेक्ट वेगळा, आमच्या टीमशी तुमचं काही देणंघेणं नाही. तरी परसोडीच्या आयटी पार्कात, आमच्या मजल्यावर, सलग दोन संध्याकाळी तुम्ही माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसलात. फोनवर ‘थँक्यू ताई’ म्हटलं होतं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. शिवाय सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या साधनाच्या) टेस्ट लिहिणारे माझ्यासारखे कितीतरी जण याच जागी अडकतात, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

माझ्या लॅपटॉपवर दिवसा सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. रात्री सर्व्हरवर चालल्या की २३ लाल, आणि प्रत्येकीत तीच ओळ : ‘नो सच एलिमेंट’, म्हणजे शोधलेला घटक पानावर नाही. अकरा दिवस मी दिसेल तिथे थ्रेड स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबायची आज्ञा) टाकत होते. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. एक्सपाथ (पानातल्या घटकाचा पत्ता) बदलून बदलून बघत होते. चाळीस मिनिटांचा रन दोन तासांवर गेला, लाल आकडा तेवढाच. रिलीज तोंडावर आलं होतं आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

तुम्ही माझा कोड वाचलाच नाही. म्हणालात, “तू अंदाज लावून राहिली. त्याला काय दिसून राहिलं ते पाह्य ना आधी.” मग टेस्ट जिथे पडते त्याच क्षणी स्क्रीनशॉट आणि पेज सोर्स (पानाचा एचटीएमएल मजकूर) जपून ठेवायच्या चार ओळी माझ्याकडूनच लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ते चित्र उघडलं आणि मी बघतच राहिले. पान अरुंद, डावीकडचा मेनू गायब, कोपऱ्यात फक्त तीन आडव्या रेषा. सर्व्हरवर क्रोम हेडलेस, म्हणजे पडद्यावर न दिसता, चालत होतं, खिडकी ८०० बाय ६०० पिक्सेल. तेवढ्या रुंदीत आमचं पान मोबाइलसारखं होतं आणि मेनूतल्या लिंका डॉममधून (ब्राउझरनं बांधलेल्या पानाच्या झाडातून) काढूनच टाकतं. जी लिंक मी दहा दहा सेकंद थांबून शोधत होते, ती तिथे नव्हतीच! खिडकी १९२० बाय १०८० केली आणि त्या रात्री १४ टेस्ट हिरव्या झाल्या.

पेमेंटच्या सहा टेस्टची गोष्ट मी कधीच विसरणार नाही. माझ्या लॅपटॉपवर पेमेंटचं पान नकली होतं, सर्व्हरवर मात्र पेमेंट गेटवेचा फॉर्म आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) येत होता. मी म्हटलं, “ताई, एलिमेंट्स पॅनेलमध्ये तर दिसतंय.” तुम्ही कँटीनच्या बिलामागे चौकटीत चौकट काढलीत. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधलं ते पॅनेल आतलं-बाहेरचं सगळं एकाच झाडात दाखवतं, पण ड्रायव्हर (ब्राउझर चालवणारा सेलेनियमचा भाग) बाहेरच्या चौकटीत उभा असतो. मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तोच सिलेक्टर (घटक शोधायची खूण) टाकून किती सापडतात ते मोजायला लावलंत. आलं शून्य. वर ‘टॉप’ लिहिलेल्या यादीतून ती फ्रेम निवडली, तीच ओळ पुन्हा चालवली. आला एक. त्या एका आकड्यानं माझ्या डोक्यातला गुंता सुटला. आधी फ्रेममध्ये स्विच करायचं, काम झालं की डीफॉल्ट कंटेंटवर, म्हणजे बाहेरच्या पानावर, परत यायचं. परत यायला विसरलं की पुढचं सगळं हरवतं, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत.

उरलेल्या तिन्हींमध्ये आयडी आपोआप तयार होणारे होते, शेवटी आकडा असलेले. सर्व्हरवरच्या पानावर एक बॅनर जास्त, म्हणून तो आकडा पुढे सरकायचा. डेव्हलपरांकडून त्या फील्डना डेटा-टेस्टआयडी (टेस्टसाठीच्या, न बदलणाऱ्या खुणा) लावून घेतले, काम झालं.

स्लीपही तुम्ही सगळे काढायला लावलेत. त्याजागी एक्स्प्लिसिट वेट : दर अर्ध्या सेकंदाला बघतो, एलिमेंट आलं की लगेच पुढे जातो. इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागू होणारं थांबणं) त्यात मिसळू नको, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. इम्प्लिसिट १० सेकंद आणि एक्स्प्लिसिट १५ असेल, तर टाइमआउट २० सेकंदांनीही होऊ शकतो. हे मला ठाऊकच नव्हतं. रन आता ३५ मिनिटांत संपतो.

त्या शुक्रवारी मी सुभाष नगरहून सातची मेट्रो धरली. बाहेर अजून उजेड होता. आईनं दार उघडलं आणि आधी घड्याळाकडे पाहिलं. किती दिवसांनी आम्ही दोघी एकत्र गरम पोळी खाल्ली. ताई, ती संध्याकाळ तुमच्यामुळे मिळाली.

बिलामागची ती चौकट माझ्या मॉनिटरखाली चिकटवलेली आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा आयटी पार्क रोडवर तर्री पोहे माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही. तोवर एक नवीन अडचण आली आहे : आमचं कॅलेंडर शॅडो रूटमध्ये (बाकी पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या झाडात) गेलंय. तिथे एक्सपाथ शिरत नाही, शॅडो रूट हातात घेऊन सीएसएस सिलेक्टरनं जमतंय, पण एक भाग क्लोज्ड, म्हणजे बाहेरच्या स्क्रिप्टला बंद, आहे. डेव्हलपरांशी बोलतेय. स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवलाय.

तुमची,
तिसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळची टेस्टर
नागपूर