पोर्टफोलिओ पोरांचा असू द्या, पॅकेजचा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात ॲडमिशनबद्दल भरपूर येतं, कटऑफ येतो, राउंडच्या तारखा येतात, पण एका गोष्टीबद्दल कुणी लिहिलेलं मी बघितलं नाही म्हणून हे पत्र. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिकवतो. पालक माझ्याकडे यायचे ते एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे फॉर्म कधी निघणार विचारायला. हल्ली वेगळंच घेऊन येतात, की सर, पोरगी अमेरिकेतल्या कॉलेजला अप्लाय करतीय, फॉर्ममध्ये एक ऑप्शनल रकाना आहे, त्यात काहीतरी क्रिएटिव्ह पाठवा म्हणतात, तर तुम्ही एक चांगलं पेंटिंग काढून द्या की.

नाही देणार. हे मी त्यांना तोंडावर सांगतो, आणि इथं जरा सविस्तर सांगतो कारण प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या चार पालकांचा नाही.

आपल्याकडं अकरावीचा फॉर्म आता सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. त्यात मार्क, कॅटेगरी, दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम, झालं. इंजिनिअरिंगला सीईटीचं पर्सेंटाइल आणि कॅपचे राउंड. पोरगं हातानं काय करतं, घरी बसून कशाची खटपट करतं, हे कुठंच कुणी विचारत नाही. एनआयडी, निफ्टवाले विचारतात, निफ्टच्या सिच्युएशन टेस्टमध्ये तर समोर सामान ठेवून त्यातून मॉडेल बनवायला लावतात, पण ते डिझाइनला जाणाऱ्यांपुरतं. त्यामुळं तिकडच्या फॉर्ममध्ये असा रकाना दिसला की आपले पालक गोंधळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, आपल्याला सवयच नाही ओ.

तिकडं हे बरंच जुनं आहे. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीनं २०१० च्या ॲडमिशनला मुलांना सांगितलं होतं की वाटलं तर एक मिनिटाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकून पाठवा. जवळपास पंधरा हजार अर्जांत हजारेक मुलांनी पाठवले. एका मुलीनं गणितातले ग्राफ हातवारे करून नाचून दाखवले, एकानं हत्तीसारखं दिसणारं उडतं यंत्र दाखवलं कारण हत्ती हे त्या कॉलेजचं चिन्ह. अमेरिकेतल्याच एमआयटीत मेकर पोर्टफोलिओ असतो, स्वतः बनवलेल्या वस्तूचा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ, थोडे फोटो, ती कशी बनवली याची माहिती. शिकागो युनिव्हर्सिटीचे निबंधाचे विषय तर जगभर माहीत आहेत, एका वर्षी नुसतं 'एक्स शोधा' एवढाच विषय होता. त्याच शिकागोनं दोन मिनिटांच्या ओळख व्हिडिओबद्दल स्पष्ट लिहिलंय की फार तालीम नको, एडिटिंगची गरज नाही. म्हणजे मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला तरी चालतंय.

आणि हे कुणाला करायचं नसेल तर ते नाही केलं तरी चालतं. ऑप्शनलचा अर्थ तिथं खरोखर ऑप्शनलच आहे. दाखवण्यासारखं काही हाताशी असेल तर पाठवायचं, नसेल तर कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाचा, ६५० शब्दांपर्यंतचा निबंध आहेच, तो जीव लावून लिहायचा. पण आपल्या घराघरात काय होतं, रकाना दिसला की तो भरायचाच, मग बारावीचं पोरगं पूर्व परीक्षेचा अभ्यास सोडून गिटार शिकायला बसतं. तिकडची लवकरची मुदत बऱ्याच कॉलेजांत १ नोव्हेंबर, नंतरची जानेवारीच्या सुरुवातीला, आणि इथं त्याच महिन्यांत प्रिलिम, प्रॅक्टिकल, मग फेब्रुवारीत बोर्ड. लेकराच्या डोक्यावर किती ठेवायचं याला काही मर्यादा आहे का नाही.

इथं काउन्सेलिंगवाले येतात. चांगले काउन्सेलर असतात, फी-स्कॉलरशिपचं नीट समजावून सांगणारे, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जो मुलाच्या नावानं तयार व्हिडिओ-निबंधाचं पॅकेज विकतो त्याच्याबद्दल आहे. विनकर वसाहतीकडची एक मुलगी आहे, तिचं सांगतो, नाव देत नाही. तिचे आजोबा आयुष्यभर चादरीच्या जेकार्डची कार्डं पंचिंग करायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आपल्या सोलापुरी चादरीवरचं डिझाइन आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं दोऱ्यानं ओवून मागावर वरती चढवतात, भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो आणि धोटा मधून जातो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेली ही युक्ती, पुढं कॉम्प्युटरची पंच कार्डं याच वाटेनं आली. तर या मुलीला माळ्यावर जुन्या कार्डांचं एक बांधलेलं गाठोडं सापडलं, डिझाइनचा कागद कधीच गेलेला, आजोबांनाही आठवेना कुठली चादर ती. तिनं काय केलं, एकेक कार्ड समोर ठेवून भोक असेल तिथं एक, नसेल तिथं शून्य असं कॉम्प्युटरवर भरत गेली. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. मधली काही कार्डं उंदरानं खाल्लेली, तिथं नक्षीत पट्टे सुटले, ते तिनं तसेच ठेवले. शेवटी स्क्रीनवर मोर उभा राहिला. आजोबा तेलुगूत बोलत होते, ती मोबाइलवर शूट करत होती, खाली साध्या इंग्रजीत ओळी टाकल्या.

मी इतकी वर्षं मुलांची कामं बघतोय, असं काम क्वचित बघायला मिळतं. आणि तिच्या वडिलांनी ज्यांच्याकडे फी भरली त्या काउन्सेलरनं सांगितलं की हे जुनं पुठ्ठ्याचं काय दाखवताय, आपण सिद्धेश्वर तलावावर ड्रोन शॉट घेऊ, एखाद्या संस्थेत ती मुलांना शिकवतीय असं दाखवू, स्क्रिप्ट आमची. पोरगी माझ्याकडे रडत आली. मला राग येतो तो याचा. जे तिचं होतं ते काढून टाकायचं, आणि जे तिचं नव्हतं त्याला तिचं नाव लावायचं!

खोटं किती लांब जातं ते २०१९ मध्ये अमेरिकेतच सगळ्यांनी बघितलं, श्रीमंत आईबापांनी पैसे देऊन मुलं खेळाडू असल्याचे बनावट फोटो तयार करून घेतले, कधी होडीही न वल्हवलेल्या मुलींचे रोइंगच्या मशीनवर फोटो, पुढं आईबाप जेलमध्ये गेले. आणि ड्यूक युनिव्हर्सिटीनं २०२४ मध्ये सांगून टाकलं की निबंधाला आता आम्ही आकड्यात गुण देणार नाही, कारण एआय आणि बाहेरून लिहून घेणं इतकं वाढलंय की हे लेखन मुलाचंच आहे असं धरता येत नाही. म्हणजे पॅकेजवाल्यांनी एक दार जवळजवळ बंदच करत आणलंय, आणि त्याचा फटका बसणार तो सरळ लिहिणाऱ्या मुलाला. पुण्या-मुंबईच्या मुलाला दुसरी दहा दारं असतात. आपल्या साखर पेठेतल्या, कुंभारीतल्या, मोहोळ-माढ्याकडच्या मुलाकडे दाखवायला असतं ते एवढंच, स्वतःच्या घरातलं, स्वतः केलेलं काम.

कुणी म्हणेल मग आपल्या राज्यातही असा रकाना आणा आणि त्याला मार्क द्या. मला स्वतःला हे नको वाटतं. इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला सात, त्याचा फायदा झाला हे मान्य, वर्गात मुलं वाढली, काहींना त्यातूनच चित्रांची गोडी लागली. पण स्मरणचित्राला पाठ करून आणलेलं तेच ते दृश्य, तीच झाडाखालची आजी, हेही मीच तपासलंय. मार्क लागले की क्लास लागतो, आणि क्लास लागला की सगळ्यांची आजी एकसारखी दिसते. म्हणून बिनमार्काचं राहू द्या.

शाळांनी मात्र एक करावं. आठवीपासून मुलानं केलेलं काम, मग ते गणपतीचं डेकोरेशन असो, गड्डा यात्रेतल्या स्टॉलचा बोर्ड असो, शेतातल्या मोटारीला लावलेली काहीतरी युक्ती असो, त्याचा फोटो आणि मुलाच्याच शब्दांत चार ओळी अशा एका फाइलमध्ये ठेवाव्यात, तारीख टाकून. खर्च काही नाही. परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो याच जिल्ह्यात काम करून, तेव्हा आमच्याकडं साधनं नाहीत असं म्हणायला आपल्याला जागा नाही. बारावीत मग ऐनवेळी गिटार शोधावी लागत नाही. फाइल उघडायची, जे खरं आपलं ते निवडायचं, नाहीतर रकाना कोरा सोडायचा.

पालकांना एवढंच, की व्हिडिओ हलला तर हलू द्या, इंग्रजी अडखळलं तर अडखळू द्या, मागून मागाचा खडखडाट आला तर येऊ द्या. मदत करायचीच असेल तर त्या दिवशी घरातला टीव्ही बंद ठेवा, मोबाइल धरून उभे राहा.

त्या मुलीनं शेवटी मोराचाच व्हिडिओ ठेवलाय, वडीलही तयार झालेत. संपादकसाहेब, पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर माझं कापा पण तारखांचा आणि ऑप्शनलचा भाग ठेवा, आणि जमलं तर ऑक्टोबर उजाडायच्या आत छापा, १ नोव्हेंबरवाल्या घरांना त्यानंतर उपयोग नाही.

आपला,
एक कलाशिक्षक, सोलापूर