ब्रेक ऑइलमध्ये फुगणारे रबर आणि त्यावर ‘ग्रीस लावा’ हा आपला सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रेशर ब्लीडर (ब्रेकमधली हवा दाबाने काढण्याच्या) संचाच्या झाकणातील सदोष रबरी रिंगबाबत तक्रार व भरपाईची मागणी

महोदय,

आपल्या सेवा केंद्राने आज दुपारी माझी तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद केली, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. निवारण नेमके कशाचे झाले, हे मला कोणी सांगितलेले नाही. ब्रेकची हवा काढण्याचे यंत्र कसे चालते हे आपणच ते बनवत असल्यामुळे आपल्याला ठाऊक असणार, असे धरून चालतो; फोनवरच्या अनुभवानंतर असे धरून चालणे धाडसाचे आहे, तरीही.

माझी गाडी पोर्शे बॉक्स्टर, ९८७ मालिकेतली आहे. तिच्या चारही चाकांना चार पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारे भाग) आहेत आणि प्रत्येकाला दोन निपल, म्हणजे हवा काढायच्या जागा आठ. गाडीची कंपनी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगते आणि ते रास्तच आहे, कारण हे ऑइल हवेतले पाणी शोषते. नव्या डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो, आणि पसरणी घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळून वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. कोणाला तरी पेडलवर बसवून ‘दाब, धर, सोड’ असे आठ वेळा ओरडत राहण्यापेक्षा ब्रेक ऑइलच्या टाकीवर संचाचे झाकण बसवून, पंपाने दाब देऊन एकट्याने काम करता यावे, एवढ्यासाठीच आपला संच घेतला. खोक्यावर ‘डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ साठी योग्य’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे.

गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून मागच्या दोन्ही कॅलिपरचे काम संध्याकाळी व्यवस्थित झाले. पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचे आणि मग स्वच्छ ऑइल आले, दाबाची सुई एक बारवर स्थिर होती. ‘काम अर्धवट राहिल्यास दाब सोडून झाकण टाकीवरच राहू द्यावे’, असे आपली पुस्तिका म्हणते, म्हणून झाकण तसेच ठेवले. सकाळी पंप मारून पुढचा निपल ११ च्या पान्याने सैल करताच सुई खाली येऊ लागली, झाकणातून फसफस ऐकू आली आणि ऑइल आट्यांमधून बाहेर पडून पुढच्या डिकीच्या काठावरून फेंडरवर ओघळले. मी निपल लगेच बंद केला आणि भरपूर पाणी ओतले, तरी रंग मऊ होऊन तिथे ओरखड्यासारखा पट्टा उठला आहे. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटात शिरली नाही, हे नशीब. शिरली असती तर त्यातल्या झडपा स्कॅनर लावून चालवल्याशिवाय ती निघाली नसती.

झाकण उघडले तेव्हा आतली रिंग भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगून खाचेबाहेर आली होती. संचातली दुसरी, कोरी रिंग मी काचेच्या बरणीत नव्या डॉट ४ मध्ये टाकली आणि नाना पेठेतून आणलेली त्याच मापाची ईपीडीएम या कृत्रिम रबराची रिंग दुसऱ्या बरणीत. दुसऱ्या दिवशी आपली रिंग खाचेत बसेना, नाना पेठेतली मुकाट्याने बसली. इंजिन ऑइलला टिकणारे नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगते, तिथे ईपीडीएमच लागते, ही रबराच्या कोणत्याही विक्रेत्याला माहीत असलेली गोष्ट आहे. आपल्या रिंगचे वागणे नायट्राइलचेच आहे. दोन्ही बरण्यांची छायाचित्रे आपल्याला ईमेलने पाठवली आहेत. ती कोणी उघडली असावीत असे दिसत नाही.

आता त्या फोनविषयी. आपल्या प्रतिनिधींनी प्रथम गाडी कोणती ते विचारले आणि उत्तर ऐकून म्हणाले, “मग सर, सर्व्हिस सेंटरला का देत नाही?” घरी वापरायचे यंत्र विकणाऱ्या कंपनीने हा प्रश्न विचारावा! त्यानंतर, “इंजिन चालू करून पाहिलेत का?” त्यानंतर बराच वेळ संगीत. संगीत संपल्यावर ते म्हणाले की, टेक्निकल टीमच्या मते रिंगला थोडे ग्रीस लावावे. कोणते ग्रीस, असे मी विचारले. “कोणतेही चालेल सर, बेअरिंगचे लावा.” मी त्यांना सांगितले की, बेअरिंगचे ग्रीस खनिज तेलाचे असते, ते टाकीत उतरले तर मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंतची ईपीडीएमची सगळी सील फुगतील, ब्रेक अडकतील किंवा निकामी होतील, आणि मग रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागेल. यावर क्षणभर शांतता, आणि मग, “सर, तुमचा कॉल रेकॉर्ड होत आहे.” उत्तम. तो जपून ठेवा, पुढे लागणार आहे. शेवटी त्यांनी मला सेवेला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. ब्रेक निकामी करण्याच्या सल्ल्याला किती गुण द्यावेत, याची मला कल्पना नव्हती.

दोष त्या मुलाचा मी मानत नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवले होते ते त्याने वाचले. ज्याने ते लिहिले त्याला ब्रेक म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि तो आपल्या टेक्निकल टीममध्ये आहे. याच कंपनीचे पाने आणि जॅक मी वर्षानुवर्षे डोळे मिटून घेत आलो, म्हणून हे अधिक लागले.

संचाची पूर्ण किंमत आणि फेंडरच्या रंगकामाचा खर्च मला परत मिळावा. रिंग कोणत्या रबराची आहे, हे लेखी कळवावे. हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला रिंग वापरू नये आणि तिला ग्रीस तर मुळीच लावू नये, अशी सूचना जावी. ही मागणी मी पैशांच्याही आधी धरतो, कारण माझ्यानंतर फोन करणारा कदाचित ग्रीस लावेल. आपण हा संच ऑनलाइन विकता, तेव्हा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात देणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि ‘निवारण झाले’ असा शेरा मारणे म्हणजे निवारण नव्हे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींखाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दावा दाखल करीन. दोन्ही रिंगा, बरण्यांसह, माझ्याकडे आहेत. यापुढचे उत्तर लेखी द्यावे; फोन करू नये.

तक्रारदार ग्राहक,
पुणे