नोकरी सुटेल त्या दिवसाचा हिशोब

गिरगाव, मुंबई

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

दुबई, सिंगापूर आणि म्युनिक अशी तीन ऑफर लेटरं तुझ्या हातात आहेत आणि चौथा कॅनडा मैत्रिणींनी डोक्यात भरवलाय. तिन्ही पगार रुपयांत करून तू मला पाठवलेस आणि विचारलंस, कुठला देश बरा? तुझा गुणाकार चोख आहे, पण त्याचा उपयोग नाही. भाडं तू रुपयांत भरणार नाहीयेस. त्या कागदावर प्रत्येक देशापुढे तीनच गोष्टी लिही: कर आणि कपाती जाऊन हातात किती, त्यातून घरभाडं वजा केल्यावर किती, आणि नोकरी गेली तर तिथे किती दिवस राहता येतं नि कोणाच्या पैशावर. तिसरा रकाना कोणी भरत नाही. मी तो आधी भरायला सांगते आहे.

दुबईपासून सुरू करू, कारण तिथला आकडा सगळ्यांत डोळ्यांत भरणारा. पगारावर आयकर नाही हे खरं. पण ऑफर लेटरात ‘बेसिक’ किती आहे ते बघ. समज, महिना १६,००० दिरहॅम, त्यात बेसिक ८,००० आणि बाकीचे भत्ते. तुला तिथे पीएफ नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, तीही फक्त बेसिकवर, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांची. म्हणजे ८,००० भागिले ३० गुणिले २१, वर्षाला ५,६०० दिरहॅम, पाच वर्षांनी २८,०००. एकूण पगार तोच ठेवून बेसिक १०,००० करून घेतलंस तर हेच ३५,००० होतात. बेरोजगारी विमा तिथे सक्तीचा आहे. वर्षभर हप्ते भरलेले असले तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. इथेही परत बेसिकच. तेव्हा घासाघीस करायची तर एकूण पगारावर नको, या एका ओळीवर कर, आणि सही करण्याआधी कर.

घराचं गणित असं. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच देऊन ठेवावे लागतात. ६०,००० दिरहॅमचं घर चार चेकवर घेतलं, तर पहिला चेक १५,०००, बिनफर्निचरच्या घराचं डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ३,०००, एजंटचे साधारण तेवढेच, आणि वीज-पाण्याच्या खात्याचं डिपॉझिट २,०००. त्या खात्याचं नाव ‘देवा’ आहे. नैवेद्याशिवाय दिवा लागत नाही. झाले २३,०००, पहिला पगार यायच्या आधी. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी बारा हप्त्यांत त्याच बिलातून जाते, इथे महिना २५०. एसीच्या थंडाव्याचं बिल काही इमारतींत वेगळं येतं, म्हणून ‘चिलर’ भाड्यात धरलाय का हे विचारूनच घर बघ. करार ‘इजारी’त, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवून घे. आणि क्रेडिट कार्ड, कर्ज यांची थकबाकी ठेवून नोकरी सोडायची वेळ आणू नकोस. शेवटची रक्कम खात्यात पडताच बँक ते खातं गोठवू शकते.

दुबईला जाणारे एक चूक हमखास करतात, आणि ती तिकिटाच्या तारखेत असते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तरच तो कराच्या दृष्टीने अनिवासी. एप्रिल ते ऑगस्ट मिळून १५३ दिवस होतात, म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसायला हवं, आणि मग मार्चपर्यंत सणावाराला परत यायचं नाही, कारण ते दिवसही धरले जातात. दसरा करून निघालीस तर मार्चपर्यंतचा ‘करमुक्त’ दुबईचा पगार इथल्या रिटर्नमध्ये दाखवून त्यावर कर भरायचा. म्युनिकच्या बाबतीत तिथे भरलेल्या कराची वजावट तरी मिळते. दुबईत भरलेलाच नसतो, वजा काय करणार?

सिंगापूरचं सगळं नीटनेटकं, म्हणून माणूस गाफील राहतो. तिथे आपल्यासारखा दरमहा टीडीएस कापत नाहीत. पूर्ण पगार हातात येतो आणि कराची नोटीस पुढच्या वर्षी येते. पहिलं वर्ष मजेत जातं, दुसऱ्यात धावपळ. तेव्हा दर महिन्याला कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाक. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना, म्हणजे तुझ्यासारख्या परदेशी नोकरदारांना, त्यांच्या पीएफमध्ये, सीपीएफमध्ये, जागा नाही. तो नागरिक आणि पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेले, यांच्यासाठी.

आता तिसरा रकाना. नोकरी गेली की पास रद्द होतो आणि ३० दिवस मिळतात. त्याच वेळी कंपनीला तुझा शेवटचा पगार रोखून ठेवावा लागतो, करखात्याची मोकळीक मिळेपर्यंत किंवा तिथे फॉर्म पोहोचल्यापासून ३० दिवस. दोन्ही घड्याळं एकदम चालू. ज्या महिन्यात पैसे लागतात नेमके त्याच महिन्यात येत नाहीत. त्यात घराचा करार दोन वर्षांचा असेल तर दोन महिन्यांचं डिपॉझिट अडकलेलं. म्हणून करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ हवाच. त्यानुसार नोकरी गेल्यास बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं, म्हणजे लवकरात लवकर चौदाव्या महिन्यात. एक वर्षाच्या करारात हा क्लॉज सहसा देत नाहीत. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय तिथे राहू नये.

म्युनिकचा आकडा तू सगळ्यांत खाली ठेवलास, कारण कपात बघून घाबरलीस. वर्षाला ६०,००० युरो आणि एकटं माणूस, म्हणजे महिन्याला हातात ३,१०० ते ३,२००. पाच हजार म्हणता म्हणता तीनच. पण कापलेलं सगळंच कराचं नाही. ९.३ टक्के पेन्शनला जातात आणि तेवढेच कंपनी घालते. १.३ टक्के बेरोजगारी विम्याला, आणि आरोग्यविम्याचा अर्धा भार कंपनीवर. बारा महिने हप्ते भरल्यावर नोकरी गेली तर सहा महिने हातातल्या पगाराच्या ६० टक्के मिळतात, चोवीस महिने भरले तर बारा महिने. पेन्शनचा हक्क पाच वर्षांनी लागतो, आणि २०१७ पासून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार लागू असल्यामुळे ती पेन्शन उद्या गिरगावात बसूनही घेता येईल. नोकरी सुटणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद कर, नाहीतर पहिल्या आठवड्याचा भत्ता कापला जातो. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आहेस म्हणून परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही दोन आठवड्यांत कळवायचं. पहिले सहा महिने मात्र ‘प्रोबेत्साइट’, म्हणजे प्रोबेशन, तेव्हा दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. त्या काळात सोफा-बिफा विकत घेऊ नकोस.

अडकायला होतं ते सुरुवातीला, एका कागदावर. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा सही केलेला दाखला लागतो. नोंद नाही तर कराचा नंबर नाही. नंबर नाही तर कंपनी सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यांत चढ्या दराने, कर कापते. पैसे पुढे परत मिळतात, पण पहिला पगार बघून रडू येईल. तात्पुरत्या मुक्कामाच्या जागा हा दाखला बरेचदा देत नाहीत. म्हणून बुकिंग करतानाच लेखी विचार: आनमेल्डुंग होईल का?

घर बघताना ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ भाडं वेगळं असतं हे लक्षात ठेव. काल्ट म्हणजे नुसत्या भिंतींचं, वार्ममध्ये हीटिंग आणि सोसायटीचा खर्च. घरातली वीज बहुतेक वेळा त्यातही नसते. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा तुला हक्क आहे. बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, दिवाही नाही. भिंतीतून आलेला नळाचा पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द असेल तर ओटा आहे. नसेल तर तो खर्च वेगळा धर. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी.

भाषेला टाळू नकोस. जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, आली तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना, नुसतं ए-१, म्हणजे पहिली पातळी, असेल तर २७ महिने. तो परवाना हातात आला की नोकरी गेली तरी देश सोडायचा प्रश्न येत नाही. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात ए-१ च्या बॅचची चौकशी आत्ताच कर. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं. तीन वर्षांची लवकरची वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, पण आपल्या कायद्याला चालत नाही. तिथला पासपोर्ट घेतलास की इथला गेला आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, आलं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येऊ शकते. तेव्हा गावच्या सातबाऱ्यावरून भाऊबंद काही म्हणाले तरी घाबरू नकोस.

कॅनडाचं थोडक्यात. तिथे पीआर घेऊन उतरता येत असेल तरच तिसरा रकाना भक्कम, कारण नोकरी गेली तरी पीआर जात नाही. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिलं की झालं. पण पीआर गुणांवर ठरतो, त्यात तिशीपासून दर वाढदिवसाला वयाचे गुण घटतात, आणि नोकरीच्या ऑफरला मिळणारे गुण मार्च २०२५ पासून बंद झालेत. फॅमिली डॉक्टर मिळायला बऱ्याच ठिकाणी फार वाट बघावी लागते. अर्ज करून ठेव, त्याच्या भरवशावर ऑफर मात्र सोडू नकोस.

आमचं विचारलंस म्हणून. सिंगापूरला आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर न्यायचं तर महिना १२,००० डॉलर पगार लागतो, तुझा तेवढा नाही. कॅनडात मुलं पीआर किंवा नागरिक असली की सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण १,००,००० डॉलरचा आरोग्यविमा हवा. जर्मनीने १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या आईवडिलांना दार उघडलंय, पण तिथेही आरोग्यविमा आणि पोटापाण्याची सोय दाखवावी लागते, आणि आमच्या वयाला तो विमाच महाग. नव्वद दिवसांच्या व्हिजिटर व्हिसावर येऊन जाऊ. बाबांना तेवढीच थंडी झेपेल.

माझं मत म्युनिकला आहे, भाषा शिकायची तयारी असेल तर. ती नसेल तर बेसिक वाढवून घेऊन दुबई, तीन वर्षं, आणि बचत. सिंगापूर तिसरं.

कुठेही जा, निघण्याआधी बँकेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांचं खातं, करून घे आणि परदेशी कमाईसाठी एनआरई उघड. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. आणि तुझा जन्मदाखला काढून बघितला. त्यावर आईवडिलांची नावं आहेत, तुझ्या नावाची जागा कोरी. पालिकेच्या जुन्या दाखल्यांत असं पुष्कळ सापडतं आणि व्हिसाच्या वेळी ते नडतं. सोमवारी बाबा वॉर्ड ऑफिसला जाऊन नाव चढवायचा अर्ज देणार आहेत. त्यासाठी तुझ्या दहावीच्या दाखल्याची आणि पासपोर्टच्या दोन्ही पानांची प्रत उद्यापर्यंत पाठव. स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे ना, ते आधी बघ.

तुझी,
आई