सुतळी बांधलेलं पेन

सातारा,
कार्तिकी एकादशी

प्रिय दिल्या,

तुझी दोन पत्रं आली, दिवाळीत फोन आला आणि मी कशालाच उत्तर दिलं नाही. रागावला असशील, हक्क आहे तुझा. तब्येत बरी आहे. साखर थोडी वाढलीय, गोळी सुरू आहे. नमीचे गुडघे आहेत तसेच.

आता जे अजून भावालाही सांगितलेलं नाही ते सांगतो. गेले दोन महिने मी दर गुरुवारी समुपदेशनाला जातोय.

वडील, आमचे दादा, गेल्यापासून पहाटे तीनला जाग येते, एक दिवस चुकत नाही. आयसीयूबाहेर मी तो कागद सही करून दिला, व्हेंटिलेटर लावू नका म्हणून. टेबलावरच्या पेनाला सुतळी बांधलेली होती आणि ती आखूड होती, त्यामुळे मला वाकून सही करावी लागली. रोज तेवढंच दिसतं. दादांचा चेहरा दिसत नाही, सुतळी दिसते.

नमीनं हट्ट धरला म्हणून आधी पुण्यात एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी नाव, वय, व्यवसाय लिहून घेतला. मी बोलायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वाक्यालाच, "सर, तुम्ही तर शिक्षक, देह नश्वर असतो हे मी तुम्हाला काय सांगावं," म्हणून त्यांनी सुरुवात केली. मग त्यांच्या वडिलांची बायपास, मग पॉझिटिव्ह राहा, मग सकाळी चालायला जा. मोबाइल पालथा घातलेला होता, पण तो थरथरला की नजर तिकडे. निघताना दहा बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ. तू असतास तर घासाघीस करून अकरावी फुकट पदरात पाडली असतीस! माणूस वाईट नव्हता रे. पण जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, त्यांच्या वडिलांच्या किती नसा तुंबल्या होत्या ते मला पाठ झालंय आणि माझ्या दादांचं नावही त्यांनी विचारलेलं नाही.

या दुसऱ्या बाई इथल्याच. पस्तिशीही ओलांडली नसेल. बसल्यावर आधी त्यांनी स्वतःचं सांगितलं. शिक्षण एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी, नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल या सरकारी परिषदेकडे. औषधं मी देत नाही, झोप अशीच मोडत राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन. बैठक पन्नास मिनिटांची, फी इतकी, यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, तो तुमचा हक्कच आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला गप्प बसता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आडपडदा नाही, गोड बोलणं नाही. मला एकदम हायसं वाटलं.

मग मी बोललो. वीसेक मिनिटं असेन. मध्ये दोनदा गळा दाटला तेव्हा त्यांनी "शांत व्हा" म्हटलं नाही, पाण्याचा ग्लासही पुढे सरकवला नाही. थांबल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही तीनदा 'सही' म्हणालात. 'निर्णय' एकदाही म्हणाला नाहीत."

दिल्या, मी तीस वर्षं मराठी शिकवलं. शब्द ऐकणं हा माझा धंदा. पण माझेच शब्द कुणी इतके नीट ऐकून माझ्या हातात परत ठेवले नव्हते.

पुढच्या खेपेला मी सरळ विचारलं, तुम्ही सल्ला का देत नाही? म्हणाल्या, "देईन की. आधी तुमचं दुखणं मला नीट कळू दे. आणि मला चुकीचं कळलं तर लगेच अडवा." मग कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव निघालं. घरी येऊन वाचत बसलो. १९५७ सालचा त्याचा एक लेख आहे, उपचाराचा गुण येण्यासाठी काय काय लागतं त्यावर. समोरच्याचं त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आत एक बाहेर एक नसणं आणि कसलीही अट न घालता माणसाला आपलं म्हणणं, हे त्यातलं मुख्य. तुला मात्र दुसरा मानसशास्त्रज्ञ, अल्बर्ट एलिसच मानवेल. आठवतं, त्याच्या विवेकनिष्ठ मानसोपचारावरचं कि. मो. फडक्यांचं मराठी लिखाण वाचून तू मेसमध्ये सगळ्यांच्या 'च' वर तुटून पडायचास? "असं झालंच पाहिजे हे कुठं लिहिलंय?" तुला कडाकडा वाद घालणारं कुणी लागतं. तसं कुणी माझ्यासमोर त्या दिवसांत बसलं असतं तर मी पुन्हा गेलोच नसतो. पद्धत खोटी नाही, माझ्या जखमेला सोसवणारी नव्हती.

पण पत्र लिहायला बसलो ते पुढच्या गोष्टीसाठी. चौथ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "दादांचा राग येतो का तुम्हाला?" मी ताडकन उठलो नाही एवढंच. आठवडाभर धुमसत होतो. काल आलेली पोर, मला माझ्या बापाबद्दल हे विचारते! नमीला म्हटलं, आता जात नाही. तरी गेलो, आणि दारातच म्हणालो, तुमचं बोलणं मला लागलं. असं तोंडावर मी आयुष्यात फक्त तुला सांगितलंय.

त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. मी घाई केली. काय लागलं, सांगाल?" चेहरा पडला नाही, 'माझा तसा अर्थ नव्हता' नाही. आणि प्रश्न मागेही घेतला नाही. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता ते तोंडातून निघालं. ज्या माणसानं मला कधी साध्या सायकलचा रंग ठरवू दिला नाही, त्यानं दम लागतोय हे वर्षभर लपवलं आणि शेवटी म्हणाला, "तू बघ काय ते." दिल्या, मी रडलो. त्या रात्री जाग आली ती पाच वाजता. पुढच्या रात्री पुन्हा तीन. पण एक रात्र पाच.

परवा त्याच खुर्चीत बसलेलो असताना मला कऱ्हाड स्टँड आठवला. "तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस," म्हणून तू बॅग उचलून निघून गेला होतास. मी वर्षभर तुलाच चूक म्हणत होतो. आणि शैलाच्या वेळी तू रात्री साडेअकराला फोन केलास, तेव्हा मी तुला तीन डॉक्टरांची नावं दिली. तू "बरं" म्हणून ठेवलास.

नवीन घराचं अभिनंदन. पोराच्या नोकरीचं काय झालं? फारच गप्प राहत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देऊन ठेव, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात. वहिनींना नमस्कार.

त्या रात्री साडेअकराला तू काय सांगणार होतास? अजून सांगावंसं वाटत असेल तर रविवारी फोन कर. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
शऱ्या