काकांच्या पद्मिनीला टायर कोणते?

प्रिय बंडू,

काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी भंगारात न देता रस्त्यावर आणायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पण टायरवाल्याने सुचवलेले १७५/७० टायर घेऊ नकोस. ते दिसतील रुबाबदार, पण त्या गाडीची रिम, स्टिअरिंग आणि मडगार्ड एवढ्या रुंद टायरसाठी बनलेलेच नाहीत.

कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी बाहेर पडायची ती ५.२०-१४ च्या नायलॉन, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तिरप्या थरांच्या टायरवर. यात ५.२० ही टायरची रुंदी इंचांत, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास, तोही इंचांत, म्हणजे ३५६ मिलिमीटर. टायरच्या उंचीचा आकडा त्यावर नसतोच, कारण त्या काळच्या टायरची बाजू जवळजवळ रुंदीइतकीच उंच असायची. ती रुंदीच्या ९५ टक्के धरलीस, तर अख्ख्या चाकाचा व्यास ६०७ मिलिमीटरच्या आसपास येतो. हा आकडा डायरीत लिहून ठेव आणि जो कोणी जो टायर सुचवेल, तो याच्याशी ताडून बघ.

रेडियलचा, म्हणजे आजकालच्या पद्धतीच्या टायरचा हिशेब सोपा आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि ‘आर १४’ म्हणजे १४ इंची रिमचा रेडियल. १५५/८० आर १४ घेतलास तर १५५ चे ८० टक्के १२४, वर-खाली मिळून २४८, त्यात रिमचे ३५६ मिळव: ६०४. मूळ चाकाच्या इतकं जवळ दुसरं काही येत नाही. १४५/८० भरतो ५८८. चाक लहान झालं की त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा तीनेक टक्के जास्त दाखवतो. १६५/८० होतो ६२०. तो बसेल, पण पूर्ण वळवलेलं चाक आतून घासतं का आणि मागचे स्प्रिंगचे पाटे दबून बसले असतील तर गाडी भरल्यावर मडगार्ड टेकतं का, हे आधी बघावं लागेल. तुझ्या टायरवाल्याचा १७५/७० व्यासात जुळतो, ६०१. म्हणूनच त्याला तो योग्य वाटला असणार. खोट आहे ती रुंदीत. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू फुगतात, वळणावर गाडी हलते, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली ती गाडी गल्लीत वळवताना खांदे भरून येतात.

माझं मत विचारशील तर १५५/८० घे. गाडी फक्त प्रदर्शनात उभी करायची असती तर नायलॉनच शोध म्हटलं असतं. पण तुला ती घेऊन घाट चढायचाय, आणि ओल्या रस्त्यावर रेडियल किती निर्धास्त चालतो, हे एकदा चालवलंस की कळेल.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. पाचही टायर एकाच जातीचे घे, स्टेपनीसकट. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असं तर कधीच नको. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात आणि गाडी वळणावर गर्रकन फिरते. पैशांची ओढाताण असेल तर महिनाभर थांब, पण दोन-दोन करून बदलू नकोस.

जुन्या रिमवर ट्यूब घालच, तीही रेडियलची. गाडीच्या पुस्तकातला हवेचा आकडा नायलॉनसाठीचा आहे, रेडियलला त्याहून थोडी जास्त लागते. टायरच्या बाजूवर मापानंतर भाराचा वेगळा आकडा असतो, तो ८० असला की एक टायर ४५० किलो पेलतो. गाडी ९०० किलोच्या आतबाहेर, त्यामुळे ती काळजी नाही. आणि बाजूवरचे तारखेचे चार अंक वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कमी खपाचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात. नक्षी कोरी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं.

आता एक चाक काढून रिमवर ठोकलेला आकडा तारेच्या ब्रशने साफ कर आणि त्याचा फोटो पाठव. मधल्या काळात कुणी रिम बदलली असेल तर हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल, म्हणून तो बघितल्याशिवाय दुकानात आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
अण्णा